कुठली गाडी?

डांगे चौकापासून भूमकर चौकापर्यंत आणि आत ताथवडे गावठाणापर्यंत जावा शिकणारा माणूस शोधावा लागत नाही. राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालय इथलंच, इंदिराच्या संस्था इथल्याच, बालाजी विद्यापीठही इथलंच. २००९ साली ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण शेतांच्या बांधाला लागून कॉलेजं त्याआधीच उभी राहिली होती. डिप्लोमा असो, बीएस्सी असो की इंजिनिअरिंग, कुठल्या ना कुठल्या सत्रात जावा समोर येतोच. यांतल्या कुणालाही ओरलला एक्स्टर्नलने विचारावं, ‘क्लास म्हणजे काय?’ उत्तर तयार असतं: क्लास म्हणजे ब्लूप्रिंट, ऑब्जेक्ट म्हणजे त्या क्लासचा इन्स्टन्स. मार्क मिळतात. मग एक्स्टर्नल जर्नलमधल्या प्रोग्रॅमवर बोट ठेवून विचारतात, ‘यात ऑब्जेक्ट किती तयार झाली?’ आणि तिथे खोळंबा होतो.

ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिली आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाजारातल्या प्रत्येक गाइडमध्ये आहे आणि प्रॅक्टिकलच्या स्लिपा सोडवून देणाऱ्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यातही आहे. ते पाठ करायला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्याचं उत्तर पाठ करता येत नाही, कारण प्रोग्रॅम बदलला की उत्तर बदलतं.

पुस्तिकेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण चालवलं आहे, ते गाडीचं. क्लास शिकवताना प्राणी, त्याखाली कुत्रा आणि मांजर, कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करते, असं शिकवण्याची पद्धत आहे. मला ती मुळीच पटत नाही. भुंकणारा कुत्रा शिकून कुणालाही विद्यार्थ्यांच्या फीचा किंवा पार्किंगच्या पावतीचा प्रोग्रॅम लिहिता आलेला मी पाहिलेला नाही. या पट्ट्यात गाडीसारखा विषय हाताशी असताना कुत्र्याकडे जावंच कशाला? पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीला बजाज, चाकणला महिंद्र आणि फोक्सवॅगन. घरटी एखादा माणूस लाइनवर, नाहीतर पार्ट पुरवणाऱ्या वर्कशॉपमध्ये. गाडी म्हणजे काय, हे इथल्या मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय गाडीत एक गोष्ट अशी आहे जी कुत्र्यामांजरांच्या उदाहरणात कधी पुढे येतच नाही. चाकणच्या लाइनवरून एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या लागोपाठ बाहेर पडल्या, तर डोळ्यांनी त्यांत फरक करता येत नाही. पण प्रत्येकीच्या चासीवर १७ अक्षरांचा नंबर ठोकलेला असतो आणि तो दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नसतो. आयएसओ ३७७९ या जागतिक प्रमाणानुसार तो बनतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. टाटा मोटर्सच्या गाडीचा नंबर एमएटी या अक्षरांनी सुरू होतो, महिंद्रच्या गाडीचा एमए१ ने. पुढे आरटीओत तीच गाडी एमएच १४ ची पाटी लावून रस्त्यावर येते. मॉडेल सारखं, रंग सारखा, तरी गाडी वेगळी. जावातलं ऑब्जेक्ट समजायला हे एवढं पक्कं डोक्यात बसावं लागतं. या पुस्तिकेतला निम्म्याहून अधिक मजकूर ‘कुठली गाडी?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

गाडीचं उदाहरण इथली सोय म्हणून मी निवडलं खरं, पण या विषयाच्या इतिहासातही गाड्याच आहेत. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर हे दोघे १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा घडवत होते. त्यांना प्रत्यक्षातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करून बघायची होती. रांगा किती लांबतात, काम कुठे तुंबतं, एक खिडकी वाढवली तर काय फरक पडतो, असले प्रश्न. न्यूगोर आधी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत ऑपरेशन्स रिसर्च करत होते, त्यामुळे हिशेबापेक्षा हालचालीकडे त्यांचं लक्ष जास्त. त्यांच्यासमोरच्या उदाहरणांत एक होतं पुलावरच्या टोलनाक्याचं. रांगेत काही ट्रक, काही बस. रांगेत उभं राहणं, पुढे सरकणं, पैसे भरणं दोघांनाही सारखंच. पण ट्रकला माल असतो, बसला प्रवासी. मग सारखं तेवढं एकदाच लिहायचं आणि वेगळं तेवढं वेगळं लिहायचं, हे भाषेत कसं बसवायचं? १९६६-६७ च्या हिवाळ्यात या प्रश्नाशी झटताना त्यांना जे सुचलं, त्यातून सिम्युला ६७ तयार झाली. क्लास, ऑब्जेक्ट, एका क्लासवरून दुसरा क्लास काढणं, हे सगळं त्या भाषेत आहे. जावात आपण रोज लिहितो ते ‘न्यू’ आणि ‘धिस’ हे शब्दसुद्धा तिथे आहेत. दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि २००२ च्या उन्हाळ्यात थोड्या आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

उर्से किंवा सोमाटण्याच्या टोलनाक्यावर रविवारी संध्याकाळी ताटकळलेल्या माणसाला हा इतिहास सांगितला तर तो हसेल की चिडेल, सांगता येत नाही.

पुढची वाट थोडक्यात सांगतो. बियार्ने स्ट्रोस्ट्रूप यांनी सिम्युला वापरलेली होती; १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये त्यांनी सी भाषेला क्लास जोडले आणि त्यातून सी प्लस प्लस झाली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९१ साली घरगुती उपकरणांसाठी एक प्रकल्प सुरू झाला. त्यात जेम्स गॉस्लिंग यांना सी प्लस प्लसचा जाच वाटू लागला आणि त्यांनी स्वतःची भाषा रचली. तिचं आधीचं नाव ओक. १९९५ मध्ये ती जावा म्हणून जाहीर झाली, जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली आणि २०१० साली सनबरोबर ती ओरॅकलकडे गेली. ओरलला यापेक्षा जास्त कुणी विचारत नाही.

आता ब्लूप्रिंटबद्दल. ही उपमा चुकीची नाही, पण अर्ध्या वाटेवर सोडून जाते. कारखान्यात ड्रॉइंगवरून गाडी बनली की गाडीचा आणि ड्रॉइंगचा संबंध संपतो. ड्रॉइंग फाईलला लागतं, गाडी गिऱ्हाइकाकडे जाते. जावात तसं होत नाही. गाडी या क्लासमध्ये ‘चालव’ नावाची मेथड लिहिली आणि शंभर ऑब्जेक्ट तयार केली, तर त्या मेथडच्या शंभर प्रती निघत नाहीत. प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये फक्त त्याची स्वतःची माहिती असते, म्हणजे चासी नंबर, पाटीचा नंबर, किलोमीटर, आणि आपण कुठल्या क्लासचे आहोत याची एक खूण. ‘चालव’ म्हटलं की त्या खुणेवरून क्लासकडे जाऊन मेथड शोधली जाते आणि या विशिष्ट गाडीसाठी चालवली जाते. म्हणजे ऑब्जेक्ट जन्मभर क्लासला धरून असतं. ब्लूप्रिंटवर थांबलेल्या विद्यार्थ्याला हे कधी कळत नाही, आणि मग ‘धिस’ हा शब्द त्याला कारणाशिवाय घुसवल्यासारखा वाटतो. मेथड एकच आणि गाड्या शंभर असतील, तर आत्ता कुठल्या गाडीसाठी काम चाललं आहे, हे सांगणारा कुणीतरी हवाच. तो म्हणजे ‘धिस’.

पहिलं प्रकरण संगणकाला हात न लावता वाचायचं आहे. त्यात कागदावर चौकोन काढायचे आहेत. डावीकडे नावं, उजवीकडे ऑब्जेक्ट, मध्ये बाण. हे बालिश वाटेल, पण पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ या बाणांत आहे. एक ओळ घेऊ:

गाडी अ = न्यू गाडी();

‘न्यू’ प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहायचं. इथे छपाईपुरतं देवनागरीत आहे. या एका ओळीत तीन घटना घडतात. ‘अ’ नावाचं व्हेरिएबल तयार होतं. मेमरीत दुसरीकडे, हीप म्हणतात त्या जागेत, एक गाडी तयार होते. आणि ‘अ’ मध्ये त्या गाडीकडे जाणारा रेफरन्स ठेवला जातो. ‘अ’ ही गाडी नव्हे. हे वाक्य बहुतेकांना पटतं आणि पुढच्याच ओळीला ते विसरतात. पुढची ओळ अशी की गाडी ब = अ. आता गाड्या किती? वर्गात विचारलं तर निम्मे हात दोनच्या बाजूने वर होतात. ‘न्यू’ एकदाच आला आहे, म्हणून गाडी एकच आहे. नावं मात्र दोन. ‘ब’ ला पन्नास किलोमीटर पळवलं तर ‘अ’ च्या मीटरवरही पन्नासच दिसतात.

याचीच पुढची पायरी म्हणजे ॲरे. पाच गाड्यांचा ॲरे ‘न्यू’ ने बनवला की पाच गाड्या तयार झाल्या असं जवळपास सगळे समजतात. एकही गाडी तयार झालेली नसते. तयार होतं ते एकच ऑब्जेक्ट, ॲरे नावाचं. त्यात पाच रिकाम्या जागा, प्रत्येकीत ‘नल’. त्यातल्या पहिल्या गाडीला ‘चालव’ म्हटलं की नल पॉइंटर एक्सेप्शन येतो. म्हणजे तुम्ही गाडी चालवायला सांगितली आणि ‘कुठली गाडी?’ याचं उत्तर ‘कुठलीच नाही’ असं निघालं. ही नलची कल्पना टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी आणली. पुढे २००९ मधल्या एका व्याख्यानात त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. त्या मानाने आजचे विद्यार्थी सुखी आहेत. मार्च २०२० च्या जावा १४ पासून नेमकं कुठलं व्हेरिएबल नल होतं हे एररमध्ये सांगण्याची सोय झाली आणि जावा १५ पासून ती आपोआप चालू असते. तरीही लाल अक्षरं दिसली की न वाचता खिडकी बंद करायची, ही सवय फार खोल गेलेली आहे. पुस्तिकेत चार एरर पूर्ण छापले आहेत, ते वाचायचेच आहेत.

दुसरं प्रकरण तुलनेबद्दल आहे आणि ते मुद्दाम लांब ठेवलं आहे. दोन गाड्या ‘सारख्या’ आहेत, याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे ती एकच गाडी आहे. दुसरा म्हणजे गाड्या दोन आहेत, पण आपल्या कामापुरता त्यांत फरक नाही. जावात पहिल्यासाठी दुहेरी बरोबरचं चिन्ह आहे, दुसऱ्यासाठी ‘इक्वल्स’ ही मेथड. व्याख्या सोपी आहे. घोळ होतो तो स्ट्रिंगमुळे. पाटीचा नंबर ही स्ट्रिंग, आणि स्ट्रिंग हेही ऑब्जेक्टच. विद्यार्थी प्रोग्रॅममध्ये तोच नंबर दोन ठिकाणी अवतरणचिन्हांत लिहितो, दुहेरी बरोबरने तपासतो, उत्तर ‘ट्रू’ येतं. कारण अशा सरळ लिहिलेल्या स्ट्रिंग जावा एकदाच साठवतो आणि दोन्हीकडे तेच ऑब्जेक्ट देतो. मग सबमिशनच्या दिवशी नंबर कीबोर्डवरून घेतला जातो, अक्षर न् अक्षर तेच असतं आणि उत्तर ‘फॉल्स’ येतं. प्रोग्रॅम कालपर्यंत चालत होता, अशी तक्रार सुरू होते. तो कालही चुकीचाच होता, फक्त पकडला गेला नव्हता. इंटिजर या क्लासची गंमत याहून वाईट. उणे १२८ ते १२७ पर्यंतच्या किमती जावा आधीच तयार ठेवतो, त्यामुळे १२७ ची १२७ शी दुहेरी बरोबरने केलेली तुलना बरोबर येते आणि १२८ ची सहसा चुकते. मुलाखतीत हा प्रश्न आवडीने विचारतात. उत्तर पाठ असलेल्यांना कारण विचारलं की पुन्हा तोच खोळंबा.

टोलनाक्यावरच्या व्यवस्थेने हा प्रश्न तिच्या परीने सोडवला आहे. फास्टॅगचा वाचक गाडी पांढरी आहे की लाल, हे बघत नाही. काचेवरच्या टॅगमधली ओळख वाचतो आणि त्या ओळखीच्या खात्यातून पैसे काढतो. आपला क्लास लिहिताना आपणही हेच ठरवायचं असतं: दोन गाड्या एकच कधी मानायच्या? चासी नंबर जुळला तर? की पाटीचा नंबर जुळला तर? पाटी बदलू शकते. गाडी दुसऱ्या राज्यात गेली आणि तिथे पुन्हा नोंदवली की नंबर नवा मिळतो, गाडी तीच राहते. म्हणून पुस्तिकेतल्या क्लासमध्ये चासी नंबर ‘फायनल’ आहे, एकदा दिला की बदलत नाही. पाटीचा नंबर तसा नाही. हा निर्णय जावाने घेतलेला नाही, आपण घेतला आहे. क्लास लिहिण्यातलं खरं काम म्हणजे असले निर्णय. कंस आणि अर्धविराम कुणीही शिकतो.

कन्स्ट्रक्टरचं प्रकरण छोटं आहे. त्यात दोनच सापळे दाखवले आहेत. एक: आपण कन्स्ट्रक्टर लिहिला नाही तर जावा स्वतःहून रिकामा देतो, आपण एखादा लिहिला की ती कृपा संपते आणि काल चालणारं ‘न्यू गाडी()’ आज कंपाइल होत नाही. दोन: कन्स्ट्रक्टरला आलेल्या पॅरामीटरचं आणि फील्डचं नाव एकच ठेवून ‘क्रमांक = क्रमांक’ असं लिहिलं, तर पाहुण्या क्रमांकाला त्याचीच किंमत परत दिली जाते आणि गाडीचा क्रमांक नल राहतो. कंपायलर फार तर कुरकुर करतो, अडवत नाही. तिथे ‘धिस’ लावून ‘या गाडीचा क्रमांक’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

‘प्रायव्हेट’ मात्र सविस्तर आहे. एन्कॅप्सुलेशन म्हणजे डेटा हायडिंग, असं लिहिलं की एक मार्क मिळतो, पण डेटा लपवायचा कुणापासून आणि का, हे कुणी विचारत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवण्याची विद्या प्रसिद्ध आहे. एक लाख वीस हजार किलोमीटर धावलेली गाडी साठ हजारांची म्हणून विकली जाते. क्लासमध्ये किलोमीटर हे फील्ड ‘पब्लिक’ ठेवलं तर प्रोग्रॅमच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणीही मीटर मागे फिरवू शकतं. तेही फसवायला नव्हे, तर बहुतेक वेळा चुकून. ते ‘प्रायव्हेट’ केलं आणि बदलायची एकच वाट ठेवली, ‘चालव’ ही मेथड, आणि तिच्यात ऋण आकडा नाकारला, तर मीटर मागे जाऊच शकत नाही. कधी चूक दिसलीच तर ती शोधायची जागाही एकच.

आता एक्लिप्समध्ये किंवा इंटेलिजेमध्ये एक बटण दाबलं की सगळ्या फील्डना गेटर आणि सेटर तयार होऊन मिळतात. जर्नल भरायला हे फार सोयीचं, म्हणून आपल्याकडे सगळे क्लास असेच दिसतात: वर सगळं प्रायव्हेट, खाली सगळ्यांचे सेटर. किलोमीटरला सेटर दिला तर प्रायव्हेटचा उपयोग काय उरला? या सवयीवर पुस्तिकेत मी जरा रागानेच लिहिलं आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. त्याच प्रकरणात न विचारल्या जाणाऱ्या एका गोष्टीकडेही लक्ष वेधलं आहे. ‘प्रायव्हेट’ ही सीमा क्लासची आहे, ऑब्जेक्टची नाही. गाडी क्लासच्या मेथडमधून दुसऱ्या गाडीचं प्रायव्हेट किलोमीटरही वाचता येतं. पहिल्यांदा ऐकताना हे खटकतं, पण ‘इक्वल्स’ लिहायला बसलं की त्याची गरज लगेच कळते.

‘स्टॅटिक’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या हातात औषधासारखा आहे: काही दुखलं की लावायचा. मेन मेथडमधून एखादं फील्ड वापरायला गेलं की कंपायलर ओरडतो, ‘नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट’. शेजारी बसलेला सांगतो, स्टॅटिक लाव, जाईल. लावलं की एरर जातो. पण त्या एररमध्ये कंपायलर एक साधी गोष्ट विचारत होता: किलोमीटर म्हणता, पण कुठल्या गाडीचे? मेन स्टॅटिक आहे, ती कुठल्याच गाडीची नाही, म्हणून तिला गाडी दाखवल्याशिवाय उत्तर देता येत नाही. स्टॅटिक लावून आपण उत्तर देतो की ‘सगळ्या गाड्यांचे मिळून एकच’. मग पिंपरीतली एक गाडी दहा किलोमीटर पळाली की चाकणमध्ये उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे मीटर दहाने पुढे जातात. स्टॅटिक वाईट नाही. आजवर किती गाड्या बनल्या, हा आकडा खरोखरच कुठल्या एका गाडीचा नसतो. तो स्टॅटिकच हवा.

लिपीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुस्तिकेतले प्रोग्रॅम उघडून बघणाऱ्याला आधी तेच दिसेल. पहिल्या तीन प्रकरणांत क्लासची, फील्डची आणि मेथडची नावं देवनागरीत आहेत. जावाला ते चालतं. जावाची नावं युनिकोडमधल्या अक्षरांतून बनवता येतात. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं स्वीकारलं जातं. इतकंच काय, ‘१२३’ ही देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग इंटिजर क्लासच्या पार्सइंट मेथडला दिली तर तिच्यातून १२३ ही संख्या बरोबर निघते. फक्त प्रोग्रॅममध्ये थेट आकडा लिहायचा असेल तर तो रोमनच लागतो. अडचण येते ती यंत्राच्या बाजूने. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे असं जावा आपोआप धरून चालतो. लॅबमधल्या जुन्या आवृत्तीवर ते वेगळं सांगावं लागतं. आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. प्रोग्रॅम बरोबर असतो, खिडकीला अक्षरं येत नसतात.

हा खटाटोप भाषेच्या अभिमानापोटी केलेला नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासमोर पहिला प्रोग्रॅम येतो तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द इंग्रजी असतो. ‘पब्लिक’, ‘क्लास’, ‘स्टुडंट’, ‘व्हॉइड’, ‘डिस्प्ले’, ‘नेम’. यांतले जावाचे कुठले आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठेवलेले कुठले, हे त्याला दिसण्याची काही सोय नसते. ‘डिस्प्ले’ ही जावाची आज्ञा आहे, असं समजून वर्षभर तेच नाव वापरणारी मुलं आहेत. प्रोग्रॅम देवनागरीत लिहिला की सांधा उघडा पडतो: रोमन लिपीतले पन्नासएक राखीव शब्द आणि तयार लायब्ररीची नावं जावाची, देवनागरीतलं सगळं आपलं. हे एकदा दिसलं की काम झालं. चौथ्या प्रकरणापासून नावं इंग्रजीत येतात, कारण हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत ‘चालव’ नावाची मेथड कुणी रिव्ह्यूला पास करणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मेन मेथडच्या पहिल्या ओळीबद्दलही विचारणा होईल. ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ आजवर प्रत्येक मास्तरांनी ‘आत्ता फक्त लिहा, नंतर कळेल’ म्हणून शिकवली, आणि नंतर कुणी मागे वळून सांगितलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये तिची बरीचशी सक्ती गेली. नवशिक्याला आता नुसतं ‘व्हॉइड मेन’ लिहून सुरुवात करता येते, बाहेरचा क्लासही लिहावा लागत नाही. मला यात आनंद आहे आणि थोडी शंकाही. क्लास न लिहिता सुरू झालेला विद्यार्थी क्लासपर्यंत पोचेल तेव्हा क्लासला अजून एक जास्तीचा नियम समजेल, अशी ती शंका. परीक्षेत अजून जुनीच ओळ लागते, म्हणून पुस्तिकेत जुनी ओळ ठेवली आहे; स्टॅटिकचं प्रकरण झाल्यावर तिचा शब्द न् शब्द उलगडून दाखवला आहे.

एक खुलासा केलेला बरा. गाडीचं उदाहरण घेतलं, म्हणून गाडीच्या इंजिनातला प्रोग्रॅम जावात असतो असं कुणी समजू नये. ब्रेक आणि इंजिन सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटमध्ये मुख्यतः सी भाषा चालते. तिथे मायक्रोसेकंदाचा हिशेब असतो, आणि गार्बेज कलेक्टरने मध्येच झाडलोट काढलेली परवडत नाही. जावा भेटतो तो गाडीच्या अवतीभवती: बँकेचं कर्ज, विमा, सर्व्हिसची नोंद अशा सर्व्हरवरच्या कामांत. ताथवड्यातून कॉलेज करून बाहेर पडणाऱ्यांना काम मिळतं तेही बहुधा अशाच ठिकाणी.

या पुस्तिकेत इन्हेरिटन्स नाही, पॉलिमॉर्फिझम नाही, इंटरफेस नाही. ‘ओओपीचे चार खांब’ पहिल्याच आठवड्यात उभे करायची आपल्याकडे घाई असते; पाया भरण्याआधी खांब कशावर उभे राहतात, मला ठाऊक नाही. ट्रक आणि बस हे दोन्ही गाडीच आहेत, हे जावात लिहायला ‘एक्स्टेंड्स’ हा एक शब्द पुरतो. पण गाडी या क्लासला स्वतःचे किलोमीटर नीट सांभाळता येत नसतील तर त्या शब्दाने दोन बिघडलेल्या गाड्या जास्त मिळतात, एवढंच. ते सगळं दुसऱ्या भागात येईल, आणि ओस्लोच्या त्या दोघांचं टोलनाक्याचं उदाहरणही तिथेच पूर्ण सोडवून दाखवायचं आहे.

वाचताना प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेले प्रोग्रॅम चालवण्याआधी हाताने सोडवावेत. किती नावं, किती ऑब्जेक्ट, कुठला बाण कुठे, हे आधी कागदावर लिहावं, मग संगणकाला विचारावं. प्रिंट केल्यावर क्लासचं नाव, ॲटचं चिन्ह आणि सोळाच्या पायातला एक विचित्र आकडा दिसला तर घाबरू नये. तो मेमरीचा पत्ता आहे, असं सर्रास सांगतात. तो पत्ता नसून हॅशकोड असतो, आणि आपण ‘टू-स्ट्रिंग’ ही मेथड लिहिली की त्याच्या जागी पाटीचा नंबर छापून येतो. कागदावरचं उत्तर आणि पडद्यावरचं उत्तर जुळलं नाही, तर पडद्यावरचं बरोबर धरून कागदावरचा कुठला बाण चुकला, ते शोधावं. जावा १७ किंवा त्यानंतरची कुठलीही आवृत्ती चालेल, साधा नोटपॅडही चालेल. सुरुवातीचे काही दिवस नोटपॅडच बरा, कारण त्यात सेटर तयार करून देणारं बटण नाही.